गाडीचं ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल घरच्या घरी बदलणं नवख्याला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की पाना कधी हातात धरलेला नाही, गाडी साधी पेट्रोल मॅन्युअल आहे, वॉरंटी संपली आहे आणि इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल असं सगळं एकाच सुट्टीच्या दिवशी घरी उरकायचा विचार आहे. जमेल का? जमेल. पण एका दिवसात नको, आणि ब्रेकला तर पहिल्या खेपेला एकट्याने हातच लावू नका.

मी मेकॅनिक नाही. स्वतःच्या गाडीची ही कामं मात्र बरीच वर्षं स्वतः करतोय, आणि माझ्या हातून झालेल्या चुका जवळपास सगळ्या एकाच जातीच्या आहेत: जुनं काढून मोकळा झालो आणि मग कळलं की नवीन भरता येत नाहीये. जुनं काढायला अक्कल लागत नाही, नट सैल केला की ते आपसूक खाली येतं. म्हणून कुठलाही नट सोडण्याआधी नवीन काय भरायचं, किती, कुठून, आणि ते तोंड आत्ता उघडतंय का, एवढं बघून घ्या.

हे मला गिअरबॉक्सने शिकवलं. मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा दोन नट असतात, तळाशी रिकामं करायचा आणि बाजूला थोडा वर भरायचा. मी उत्साहात खालचा आधी सोडला. ऑईल सगळं ट्रेमध्ये. मग वरच्या नटाला पाना लावला तर तो जाम बसलेला. जोर लावला, पाना निसटला, नटाचे कोपरे गोल. आता गाडीत गिअर ऑईल नाही, म्हणजे ती चालवत गॅरेजला नेण्याचाही प्रश्न मिटला. शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने एक किंचित लहान सॉकेट हातोडीने त्या नटावर ठोकून बसवला आणि एका झटक्यात नट फिरवला. वर बघून एवढंच म्हणाला, "हा आधी का नाही सोडला?" तेव्हापासून भरायचा नट आधी, रिकामं करायचा नंतर. भरताना गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. ऑईल वरच्या भोकाच्या काठाला आलं, बाहेर ओघळायला लागलं की पुरे. आणि डब्यावरचे जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑईलचे दर्जे सारखे समजू नका. जीएल-५ मधली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना सोसत नाहीत. गाडीसोबतच्या माहितीपुस्तकात, म्हणजे मॅन्युअलमध्ये, जे लिहिलंय तेच.

पण तुम्ही सुरुवात इंजिन ऑईलनेच करा. त्यात चूक झाली तरी बहुतेक वेळा लगेच दिसते.

आधी खाली जायला जागा लागते का ते बघा. काही गाड्यांचा ड्रेन बोल्ट (ऑईल काढायचा तळाचा बोल्ट) आणि फिल्टर गाडी न उचलता हाताला येतो. उचलावी लागलीच तर जमीन टणक आणि सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांच्या पुढे-मागे ठोकळे. जॅक फक्त उचलण्यापुरता. गाडीचं वजन घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, द्यायचं, तेही मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, "फक्त एक मिनिट" म्हणूनसुद्धा नाही. घोड्या नसतील तर काम पुढे ढकला.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा. ऑईल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. तापलेल्या गाडीचं लगेच काढू नका, मनगटावरून ओघळलं की कळेल का ते. वरचं झाकण उघडून ठेवा, डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) थोडी वर ओढून ठेवा. आता बोल्ट. तो नक्की इंजिनच्या चेंबरचाच (तळाच्या ऑईलच्या टाकीचाच) आहे ना, हे दोनदा तपासा. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा बोल्ट अगदी शेजारी आणि तसाच दिसणारा असतो; लोक गिअरबॉक्स रिकामा करतात आणि वरून इंजिनमध्ये दुप्पट ऑईल ओततात. उताणं पडल्यावर डावं-उजवं भलतंच गोंधळतं, तेव्हा बोल्टच्या डोक्याकडे बघून घड्याळाच्या उलट फिरवायचं एवढं लक्षात ठेवा. शेवटचे दोन आटे हाताने सोडताना बोल्ट आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे तो ट्रेमधल्या काळ्या ऑईलमध्ये बुडत नाही. सुरुवातीला धार लांब पडते आणि जोर ओसरला की जवळ येते. ट्रे त्या हिशेबाने सरकवावा लागतो. हे कुणी सांगत नाही.

बोल्टचा वॉशर नवीन टाका. घट्ट करताना ताकद दाखवू नका. चेंबर बरेचदा अॅल्युमिनियमचा असतो, आटे गेले तर हौस महागात पडते. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचं माप, दिलेला असतो, पुष्कळ गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना हे मी घेतलेलं सर्वांत उपयोगी हत्यार आहे, कारण माझ्या हाताला "बेताचं घट्ट" कधीच कळलं नाही.

फिल्टरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथेच माझी फजिती झाली होती. जुना डबा-फिल्टर फिरवून काढला, नवा लावला, ऑईल भरलं, इंजिन चालू केलं. दोन-तीन सेकंदांत गाडीखालून पिचकारी मारल्यासारखा आवाज. बंद करून वाकून बघतो तर जवळजवळ निम्मं नवं ऑईल जमिनीवर. झालं असं होतं की जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवीन रिंग चढवली होती. दोन रिंगा एकमेकींवर दाब धरत नाहीत. म्हणून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघा: रिंग त्याच्यावरच आहे ना? नसेल तर इंजिनच्या बाजूला बोट फिरवा. रिंग काळी, ऑईल काळं, जागा काळी. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. नव्या फिल्टरच्या रिंगेला ताज्या ऑईलचं बोट फिरवा, रिंग टेकेपर्यंत हाताने बसवा आणि मग साधारण पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. काही गाड्यांत आत नुसता कागदी फिल्टर आणि वर प्लास्टिकचं झाकण असतं. तिथे झाकणाची ओ-रिंग बदलायची आणि झाकणावर छापलेला टॉर्क पाळायचा.

ग्रेडबद्दल लोक फार वाद घालतात. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर: पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. मॅन्युअलमधला ग्रेड आणि त्यासोबतचं एपीआय किंवा एसीईए या संस्थांचं दर्जाचं मानक जुळलं की ब्रँड कुठला यावरून मी झोप घालवत नाही. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, प्रेशरचा लाल दिवा गेला का बघा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेपलीकडे नको. ऑईल फार वर गेलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

कूलंटला एकच मोठी भीती आहे आणि ती रास्त आहे: गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो सकाळी करा. रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा नळ हळू उघडा, जुना प्लास्टिक तुटायला निमित्तच शोधत असतो. मॅन्युअलमध्ये सहा लिटर लिहिलेलं असताना चारच निघालं तर घाबरू नका, उरलेलं इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. हिरवा, लाल, निळा रंग बघून कूलंट निवडू नका. रंगाला कुठलंही सर्वमान्य मानक नाही, कंपनी हवा तो टाकते. डबा तयार मिश्रणाचा आहे की घट्ट अर्काचा तेही वाचा. अर्क असेल तर सहसा निम्मं डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या म्हणजे हवा निघते, आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. सांडलेलं लगेच पुसा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

ब्रेक ऑईल. नाव ऑईल असलं तरी हे खनिज तेल नव्हे, आणि चुकून थोडंसं इंजिन ऑईल जरी त्यात गेलं तरी आतली रबरं फुगू शकतात. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे १५५ पर्यंत उतरलेला चालतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, द्रव उकळतं, वाफ दाबली जाते आणि पाय थेट तळाला जातो. म्हणून बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. नुसती वरची टाकी सिरिंजने रिकामी करून भरली तर रंग छान दिसतो, पण कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या भागातलं, जुनं तसंच राहतं.

खरं काम निपलवर (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरच्या, द्रव आणि हवा काढायच्या छोट्या तोंडावर) असतं आणि त्याला दोन माणसं लागतात. आतला पेडल दाबून "दाबलंय" म्हणतो, बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, पारदर्शक नळीतून द्रव येतं, निपल बंद, मग "सोड". निपल उघडा असताना पेडल सोडला की हवा आत. टाकीवर सतत नजर ठेवा. ती रिकामी होऊन एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांत ती स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो. आणि इथेही तोच नियम: सुरुवातीलाच चारही निपल रिंग पान्याने थोडे सैल होतात का बघून पुन्हा बंद करा. एखादा गंजून बसला असेल तर तिथेच थांबा, ब्रेक अजून शाबूत आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही. उघडलेली बाटली पुढच्या खेपेसाठी ठेवायची नाही. पत्र्यावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं. पहिल्यांदा हे काम आधी केलेल्या कुणाला तरी शेजारी बसवूनच करा. गाडी हलवण्याआधी पेडल टणक लागतोय ना बघा.

काच धुण्याचं पाणी तुम्ही भरतच असाल. पॉवर स्टिअरिंग हल्ली बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक असतं, द्रवच नसतं. पुढे कधी ऑटोमॅटिक घेतलीत तर त्याच्या गिअरबॉक्सला घरी हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, द्रव ठरावीक तापमानाला असताना बघायची असते, आणि सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं द्रव तर वेगळंच.

जुनं ऑईल नाल्यात किंवा मातीत ओतू नका. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यात भरा, कूलंट आणि ब्रेक ऑईल त्यात न मिसळता, आणि वापरलेलं ऑईल घेणाऱ्याकडे द्या. हातमोजे घाला, वापरलेल्या इंजिन ऑईलने कातडीचा कर्करोग होऊ शकतो.

काम झालं की रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर डिपस्टिक पुन्हा एकदा बघा आणि जवळच चक्कर मारून या. डाग असेल तर तो नेमका कशाच्या खाली पडलाय ते आधी बघा, मग पाना उचला.