'डायोड'मधले 'दोन' कशाचे?

प्रश्न असा आहे : डायोड हा इलेक्ट्रॉनिक सुटा भाग वीज एकाच दिशेने जाऊ देतो, मग त्याच्या नावात 'दोन' या अर्थाचा 'डाय' कसा? आणि मराठीत त्याला सरळ 'एकदिशक' का म्हणू नये?

नावातले दोन म्हणजे दिशा नव्हेत, टोके. ग्रीकमध्ये 'होडोस' म्हणजे वाट. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने 1834 मध्ये इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड हे शब्द रूढ केले, त्यांतला 'ओड' या वाटेचाच. आपल्या शाळेच्या पुस्तकांत इलेक्ट्रोड म्हणजे अग्र, अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र झाले. 1904 मध्ये फ्लेमिंग या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये निर्वात काचनळी केली. तिच्यात तापलेली तार आणि धातूची पट्टी अशी दोनच अग्रे होती. पुढे ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड (तारेची जाळी), घातले. आता दोहोंत फरक सांगणारे नाव हवे होते. 1919 मध्ये एकल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन अग्रांच्या नळीसाठी 'डायोड' हा शब्द घडवला. तीन अग्रांची ती ट्रायोड, पाचांची पेंटोड. हे कुळच अग्रे मोजून नावे ठेवणारे आहे.

तुम्हाला हवे तसे कामावरून पडलेले नाव आधीपासून होतेच : व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर चढू देतो, परत उतरू देत नाही. फ्लेमिंगने आपल्या नळीला व्हॉल्व्ह म्हटले ते याच अर्थाने.

आजचा डायोड सिलिकॉनचा असतो. त्याच्या एका बाजूत बोरॉनसारखे द्रव्य मिसळून इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, तयार करतात (पी बाजू). दुसऱ्या बाजूत फॉस्फरसमुळे जादा इलेक्ट्रॉन येतात (एन बाजू). सीमेजवळचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होल भरतात. मागे एन बाजूला धन आणि पी बाजूला ऋण आयन (विद्युतभार असलेले अणू) उरतात. या आयनांचे विद्युत क्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांना अडवते. बॅटरीचे धन टोक पी बाजूला जोडले की अडसर कमी होतो आणि सुमारे 0.7 व्होल्टला प्रवाह मोकळा वाहू लागतो. उलट जोडले तर अडसर रुंदावतो आणि नगण्य गळती तेवढी राहते. डायोडवरची पट्टी एन बाजू, म्हणजे ऋणाग्र, दाखवते. दुरुस्ती करणारे पट्टी बघूनच डायोड लावतात, ते यासाठी.

आता 'एकदिशक'. माझा विरोध शब्दाच्या घडणीला नाही, तो छान आहे. पण झेनर डायोडचे काय करायचे? तो मुद्दाम उलटा जोडतात. ठरावीक व्होल्टेजला तो उलट दिशेनेही वाहू लागतो आणि म्हणूनच व्होल्टेज स्थिर ठेवायला कामी येतो. फोटोडायोडही बहुधा उलट जोडूनच प्रकाश मोजतो. या दोघांना 'एकदिशक' म्हटले तर नावच दिशाभूल करील.

शिवाय एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करण्याच्या कामाला रेक्टिफायर हा वेगळा शब्द आहे, आणि त्यासाठी मराठीत 'एकदिशकारक' चांगला बसतो. चार्जरमध्ये बहुधा चार डायोड मिळून एक रेक्टिफायर होतो, म्हणून 'रेक्टिफायर उडाला' आणि 'डायोड उडाला' ही दोन वाक्ये एक नाहीत. वस्तूला मी डायोडच म्हणेन, कामाला एकदिशकारक.