पिल्लांच्या शेडसाठी मुदत ठेव मोडावी का?

पारनेर तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलंय: “गावरान जातीची एक दिवसाची पिल्लं आणून महिनाभर वाढवायची आणि आसपासच्या गावांत विकायची, असं मनात आहे. हजार पिल्लांचं पक्कं शेड साडेतीन लाखांत होतंय. तेवढीच मुदत ठेव मुलीच्या शिक्षणासाठी आहे, ती यंदा दहावीला आहे. पिल्लू २८ रुपयांना पडतं, खाद्य ४० चं, लस-तूस-वीज १० रुपये. विक्री ११० ला. पिल्लामागे ३२ रुपये सुटतात, वर्षाला बारा बॅचेस होतील. घरामागे जुना गोठा रिकामा आहे, पण तो काही शेडसारखा नाही. ठेव मोडू का?”

ताई, धंदा बरोबर निवडलात. पहिल्या महिन्यातच पिल्लं जास्त दगावतात, म्हणून लसी झालेलं, तगलेलं पिल्लू चार पैसे जास्त देऊन घेणारे लोक असतात. पण बारा बॅचेस विसरा. एक बॅच गेली की खाली अंथरलेलं जुनं तूस काढायचं, शेड धुवायचं, चुना मारायचा आणि पंधरा दिवस रिकामं ठेवायचं. लहान-मोठी पिल्लं एकत्र ठेवली की रोग पसरतो, त्यामुळे आधीची सगळी विकल्याशिवाय पुढची आणता येत नाहीत. वर्षाला सात बॅचेस धरा.

मर, म्हणजे दगावणारी पिल्लं, तुम्ही धरलेलीच नाही. नवख्या हाताला शंभरात आठ तरी सोडा. मग हजारातली ९२० विकून १,०१,२०० येतील, खर्च ७८,००० जाईल आणि हाती २३,२०० राहतील. सात बॅचेसचे १,६२,४००. तुमच्या वहीत हा आकडा ३,८४,००० आहे! आणि हेसुद्धा सगळी पिल्लं वेळेवर, रोखीने, ११० नेच गेली तर. निम्मी ९५ ला काढावी लागली तर वर्षाचे १,१४,१०० च उरतात. न विकलेलं पिल्लू रोज वाढतं खाद्य खातं, ते वेगळंच.

म्हणजे शेडचे पैसे सुटायला दोन ते तीन वर्षं लागणार, आणि मुलीची बारावीनंतरची फी नेमकी त्याच सुमारास उभी राहणार. ठेव ऐन वेळी मोडता येते, शेड मोडून फी भरता येत नाही. शिवाय साडेतीन लाख भिंती-पत्र्यात घातल्यावर पहिल्या बॅचचे ७८,००० कुठून आणणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

ठेव राहू द्या. सुरुवात गोठ्यातच करा, तीनशे पिल्लांनी. सुरुवातीला पिल्लाला अर्धा चौरस फूट पुरतो, महिन्याचं झालं की एक लागतो. तीनशे चौरस फूट निघत नसतील तर पिल्लं कमी आणा. जाळी बारीक हवी, खाली पत्रा हवा, नाहीतर मुंगूस-उंदीर नफा खातील. कोपरे पत्र्याने गोल करा, कारण थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीखाली, ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करायची. तुमच्याकडची डिसेंबरातली रात्र आणि गेलेली वीज, एवढ्यावर अख्खी बॅच संपू शकते, तेव्हा गॅसच्या ब्रूडरवर कंजुषी नको. हे सगळं माझ्या अंदाजाने पन्नास हजारांच्या आत बसेल. तेवढ्यापुरतं ठेवीवर कर्ज घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा सहसा एक-दोन टक्केच जास्त पडतं आणि ठेव शाबूत राहते.

पिल्लं-खाद्याच्या खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड मागा. २०१८-१९ पासून ते पशुपालनालाही मिळतं. वेळेवर फेड केली तर दोन लाखांपर्यंतचं व्याज चार टक्क्यांवर येतं.

“अर्धं अनुदान मिळतं” असं कुणीतरी सांगेलच. राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला ५० टक्के अनुदान आहे खरं, पण ते किमान हजार पैदाशीच्या कोंबड्या, हॅचरी (अंडी उबवण्याचं केंद्र) आणि पिल्लं वाढवण्याचं युनिट अशा अख्ख्या प्रकल्पाला. नुसत्या शेडला नाही. आणि कोंबडीपालनाचं उत्पन्न आयकरात शेतीचं धरत नाहीत, म्हणून बिलं जपून ठेवा.

एका बॅचइतकी रक्कम कायम बाजूला हवी. २००६ साली नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा ज्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या त्यांचाही माल उठेना.

तीन बॅचेस करा, त्यातली एक पावसाळ्यातली असू द्या. पिल्लं यायच्या आधीच निम्म्यांचं बुकिंग होऊ लागलं, तर या बॅचेसच्या हिशेबाची वही घेऊन बँकेत शेडसाठी मुदत कर्ज मागायला जा. वहीत उधारीचा रकाना मात्र वेगळा ठेवा. बचत गटातल्या ओळखीच्या बायकांना पिल्लं देताना निम्मे पैसे आधी मागायला लाजू नका.