वाचक विचारतात: अमेरिकेच्या कोर्टाने दिलं, मग आपल्याला पिस्तूल का नाही?

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. मी वाशीच्या मार्केटमध्ये कांदा-बटाट्याचा व्यापार करतो. कधी कधी रात्री कॅश घेऊन घरी यावं लागतं. पिस्तुलाच्या लायसन्ससाठी गावाकडच्या पत्त्यावर अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. "विशेष धोका दिसून येत नाही" एवढंच लिहिलंय. आता ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पिस्तूल कशाला हवं असं सरकारने विचारायचंच नाही. तो निकाल लावून हायकोर्टात जाता येईल का?
– एक व्यापारी, वाशी

उत्तर: दादा, मेसेज खरा आहे पण अर्धाच, आणि राहिलेला अर्धा नेमका तुमच्या कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्क राज्यात शंभरावर वर्षं असा कायदा होता की पिस्तूल अंगावर लपवून घराबाहेर फिरायचं तर "प्रॉपर कॉज" दाखवा, म्हणजे चारचौघांपेक्षा तुमच्याच जिवाला काय वेगळा धोका आहे ते अधिकाऱ्याला पटवून द्या. एरिया चांगला नाही, भीती वाटते, एवढ्यावर भागायचं नाही. दोघा जणांना असंच अडवलं, शिकारीला न्या, नेमबाजीला न्या, पण स्वसंरक्षणासाठी सगळीकडे घेऊन फिरायचं नाही म्हणून सांगितलं. ते दोघं तिथल्या रायफल-पिस्तूल असोसिएशनबरोबर कोर्टात गेले आणि २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती अटच उडवली. निकाल जस्टिस क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला, ब्रुएन निकाल म्हणून तो ओळखला जातो. त्याआधी २००८ च्या हेलर निकालात घरात पिस्तूल ठेवायचा हक्क मान्य झाला होता, ब्रुएनने तो घराच्या उंबऱ्याबाहेर नेला. कोर्टाचं म्हणणं असं की शस्त्र बाळगायचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत लिहिलेला आहे, आणि घटनेने दिलेला दुसरा कुठला हक्क वापरायला माणसाला आधी साहेबाकडे जाऊन गरज सिद्ध करावी लागते?

आता तुमचा नामंजुरीचा कागद परत वाचा. "विशेष धोका दिसून येत नाही". तिकडे जी अट उडाली, आपल्याकडे लायसन्सचा सगळा कारभार त्याच अटीवर चालतो. कारण आपल्या घटनेत असा हक्कच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनालायसन्स हत्यारांचा विषय आपल्या सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हातात घेतला तेव्हा जस्टिस के. एम. जोसेफ आणि जस्टिस बी. व्ही. नागरत्ना यांच्या बेंचने हाच फरक बोलून दाखवला होता. १९९३ ला अलाहाबाद हायकोर्टाच्या एका जजने शस्त्राचा हक्क कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात बसवला होता, पण पुढे त्याच कोर्टाच्या मोठ्या बेंचने ते मान्य केलं नाही. म्हणून अमेरिकेचा निकाल लावून पिटिशन केलंत तर फी जाईल, हाती काही लागणार नाही.

हायकोर्टाचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याच्या कलम १४ प्रमाणे लायसन्स नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, एक ओळ खरडून चालत नाही. तुमची रोजची कॅश, जायचा-यायचा रस्ता, आधी काही घडलं असेल तर त्याची तक्रार, हे काहीच बघितलं नसेल तर आधी कलम १८ खाली अपील करा आणि तिथेही दाद लागली नाही तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज. कोर्ट लायसन्स हातात देत नाही, बहुतेक वेळा सांगतं की अर्ज परत नीट बघा. आणि अर्ज राहत्या किंवा धंद्याच्या ठिकाणी करायचा असतो, तुमचं दोन्ही वाशीत असेल तर गावाकडच्या पत्त्याचा हट्ट सोडा.

माझं मत विचाराल तर लायसन्सच्या मागे लागूच नका. पहाटे मार्केटमध्ये टेम्पो उभे, हमाल पाठीवर गोण्या घेऊन पळतायत, अशात मागून कोणी बॅग ओढली तर तुम्ही कंबरेचं काढणार कधी, धरणार कोणावर? गोळी चुकली तर पलीकडे कोण आहे बघायला वेळ असतो का? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार होल्स्टरमध्येच ठेवावं लागतं, चारचौघांत नुसतं काढून दाखवलं तरी लायसन्स जाऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला चक्क पोलीस स्टेशनच्या आत, सीनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये गोळीबार झाला आणि आमदाराला अटक झाली. आजूबाजूला सगळे पोलीस होते हो, तरी गोळ्या सुटल्याच! कॅश कमी करा, पेमेंट खात्यावर घ्या, उरलेल्या रकमेसाठी कॅश व्हॅन परवडते का बघा आणि एकटे येऊ नका. हे मी मनापासून सांगतेय.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीला असते, नातू शाळेत जातो. तिथे आता कोणीही पिस्तूल घेऊन फिरतं का? झोप लागत नाही हो.
– एक आजी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: काकू, कोणीही नाही. न्यू जर्सी पण न्यूयॉर्कसारखंच खास गरज विचारणारं राज्य होतं, ती अट २०२२ ला गेली, पण परमिट अजून लागतंच, त्यासाठी ट्रेनिंग आहे, पार्श्वभूमीची तपासणी आहे. आणि शाळेचं म्हणाल तर ब्रुएन निकालातच लिहिलंय की शाळा, सरकारी इमारती अशा "संवेदनशील जागी" बंदी घालता येते. फक्त न्यूयॉर्क शहरातला मॅनहॅटन हा सगळा भाग गजबजलेला आहे म्हणून ते संवेदनशील, असं म्हणता येणार नाही. न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून हॉस्पिटल, बार, लायब्ररी अशी लांबलचक यादी केली, त्यातल्या कुठल्या जागा टिकतात यावर मग परत केसेस लागल्या. हवाई राज्याने नियम केला की दुकानासारख्या खासगी जागेत मालकाने हो म्हटल्याशिवाय हत्यार आणायचं नाही, त्यालाही आव्हान मिळालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस ऐकायला घेतली. टेक्सासचं वेगळं आहे, तिथे सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांना परमिटसुद्धा लागत नाही.

अजून एक सांगते, त्याच कोर्टाने जून २०२४ मध्ये, रहीमी केसमध्ये, ८ विरुद्ध १ ने ठरवलं की घरातल्या माणसाला मारहाणीचा धोका आहे म्हणून ज्याच्यावर कोर्टाची मनाई ऑर्डर आहे त्याच्याकडून हत्यार काढून घेता येतं. म्हणजे हक्क मोठा केला तरी मोकाट सोडलेला नाही. मुलीला म्हणावं शाळेचे सुरक्षेचे नियम एकदा विचारून घे, म्हणजे तुम्हालाही जरा बरं वाटेल.

प्रश्न: माझ्याकडे लायसन्सवालं रिव्हॉल्वर आहे. निवडणूक आली की जमा करा म्हणतात. हे सक्तीचं आहे का?
– निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर: सरसकट नाही. २००९ च्या एका पिटिशनमध्ये मुंबई हायकोर्टाने हा प्रश्न बघितला होता, तेव्हापासून स्क्रीनिंग कमिटी एकेका लायसन्सधारकाचा विचार करते, म्हणजे तो जामिनावर आहे का, गुन्ह्याची नोंद आहे का, आधी निवडणुकीत दंगलीत होता का. तुमचं नाव यादीत आलं आणि लेखी नोटीस मिळाली तर मुदतीत जमा करा, पावती घ्या, पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसं किती ते तिथेच उभं राहून ताडून बघा. नाव का घातलं ते पटत नसेल तर तसं लेखी कळवा, पण हत्यार घरात ठेवून वाद घालू नका.