वाचक विचारतात : शेवटी ती लाइट बंद करून झोपायला जाते, एवढंच?

प्रश्न : ताई, तुम्ही मागे सुचवलेला ‘अ स्पेशल डे’ हा इटालियन सिनेमा परवा रात्री नवऱ्यासोबत पाहिला. सोफिया लॉरेन भारीच, पण शेवट काय झेपला नाही. त्या गाब्रिएलेला पुरुष आवडतात ना, मग तो तिच्याजवळ येतो कशाला? आणि एवढं सगळं झाल्यावर ती पुन्हा त्याच नवऱ्याशेजारी जाऊन झोपते? मला तर रागच आला. हे प्रेम म्हणायचं की नुसता एकटेपणा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : राग आला ना, मग सिनेमा पोचलाय तुमच्यापर्यंत. मलाही पहिल्यांदा आलेला.

आधी तो दिवस बघा. मे १९३८, हिटलर रोममध्ये आलाय, परेडसाठी अख्खी बिल्डिंग रिकामी. मागे राहिलेत सहा पोरांची आई आन्तोनिएत्ता (म्हणजे सोफिया लॉरेन), समोरच्या घरातला गाब्रिएले आणि केअरटेकर बाई, जिचा रेडिओ दिवसभर ठणाणा चालू असतो, म्हणजे ही दोघं एकमेकांशी काहीही बोलोत मागून ती परेड ऐकू येतच राहते, आणि दिग्दर्शक एत्तोरे स्कोलाने ते मुद्दाम केलंय असं मला वाटतं, कारण इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या राजवटीने गाब्रिएलेची रेडिओतली नोकरी घालवलीय आणि हिने मात्र त्याच मुसोलिनीच्या फोटोंचा अल्बम जपून ठेवलाय!

तिची मैना उडून त्याच्या खिडकीशी जाते तेव्हा तो जीव द्यायच्या विचारात असतो, हे तिला माहीतही नाही. तिला एवढंच दिसतं की हा माणूस आपल्याशी नीट बोलतो. नवऱ्याचं एका शाळामास्तरणीशी चालू आहे, आणि हिला त्याहून जास्त लागलंय ते ती बाई शिकलेली आहे हे. अशा न शिकलेल्या आन्तोनिएत्ताला कुणी पुस्तक वाचायला देतं म्हणजे काय, विचार करा.

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधे ती त्याला जवळ ओढते, तो ओरडून खरं काय ते सांगतो, ती थोबाडीत मारते. आणि नंतर तीच त्याच्या घरी जाते. आता जे झालं त्याला प्रेम म्हणा नाहीतर एकटेपणा, माझा आग्रह नाही, पण त्याने तो बदलत नाही आणि तसं तो तिला स्पष्ट सांगतोही. फसवत नाही. तिच्या घरात एवढं खरं कोण बोलतं?

आणि ती जाणार कुठे हो? १९३८ सालच्या इटलीत, सहा पोरं, हातात पैसा नाही, आणि नवऱ्याला तर सातवं हवंय. रात्री ती खिडकीशी बसून गाब्रिएलेने दिलेलं ‘थ्री मस्केटिअर्स’ वाचते, समोर त्याला राजवटीची दोन माणसं घेऊन जातात, मग एकेक लाइट बंद करत ती बेडरूमकडे जाते. तुम्ही झोपणं पाहिलंत, पुन्हा पाहाल तेव्हा ते पुस्तक बघा.

प्रश्न : प्रिंट खराब होती का? रंग उडाल्यासारखे वाटले.
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, रंग मुद्दाम उतरवलेत, जुन्या फोटोसारखे. सुरुवातीला हिटलरच्या दौऱ्याची खरी न्यूजरील, म्हणजे बातमीपट, आहे, तिच्यातून एकदम त्या स्वयंपाकघरात शिरताना खटकू नये. टीव्हीचे रंग वाढवून बघू नका, प्लीज.

प्रश्न : यात मुसोलिनीची नात आहे म्हणे, खरंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरंय! आलेस्सान्द्रा मुसोलिनी, सोफिया लॉरेनच्या बहिणीची मुलगी. आन्तोनिएत्ताच्या एका मुलीचं काम तिने केलंय. सिनेमा १९७७चा, ती तेव्हा शाळकरी वयाची होती. पुढे ती राजकारणात गेली, ते प्रकरण वेगळंच.