वाचकांचे प्रश्न : बेळगावहून समरकंदला, शक्य तितके जमिनीवरून

प्रश्न : आम्ही पती-पत्नी खानापूर तालुक्यात राहतो. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो असून पत्नीही याच वर्षी निवृत्त होत आहे. पर्यटन कंपनीच्या गटाबरोबर न जाता, रेल्वेने आणि बसने, चार-पाच महिने आशियात हिंडत उझबेकिस्तानातील समरकंदपर्यंत पोहोचावे असा आमचा विचार आहे. विमानात न बसता हे शक्य आहे काय? मार्ग कोणता धरावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : संपूर्ण प्रवास जमिनीवरून करणे आजच्या स्थितीत शक्य नाही, मात्र जाताना एक विमानप्रवास पत्करला, तर पुढची सगळी वाट रेल्वे आणि बसने जोडता येते. पश्चिमेकडे अटारी-वाघाचा रस्ता भारतीय पर्यटकाच्या फारसा उपयोगाचा नव्हताच, आणि एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकीही बंद करण्यात आली. पूर्वेकडे मणिपूरमधील मोरे आणि म्यानमारमधील तामू यांच्यामधला रस्ता २०१८ साली पासपोर्ट व व्हिसा असलेल्या प्रवाशांना खुला झाला होता. परंतु २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर तेथे जे यादवी युद्ध पेटले आहे, ते पाहता त्या वाटेचा विचारही करू नये. नेपाळमधून तिबेटमार्गे चीनमध्ये शिरता येते खरे, पण तिबेटसाठी परवाना, मान्यताप्राप्त संस्था आणि बरोबर वाटाड्या ही सक्ती असल्यामुळे आपल्याला हवा असलेला स्वतंत्र प्रवास तेथेच संपतो. शिवाय त्याच वाटेवरचा, नेपाळ-तिबेट सीमेवरील रसुवागढीचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला होता.

म्हणून माझी सूचना अशी की, लोंड्याला थांबणाऱ्या, वास्कोहून येणाऱ्या अमरावती एक्स्प्रेसने कोलकात्याला जावे, तेथून बँकॉकपर्यंत विमान घ्यावे आणि त्यानंतर जमीन सोडू नये. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने नोंगखाई, मेकाँग नदीवरचा १९९४ साली बांधलेला मैत्री पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्तियान, आणि तेथून चीनमधील कुनमिंगपर्यंत सुमारे १,०३५ किलोमीटरची नवी रेल्वे, असा हा पहिला टप्पा होतो. ही रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२३ पासून सीमेपार जाणारी थेट प्रवासी गाडीही धावू लागली. बोतेन आणि मोहान या दोन्ही बाजूंच्या स्थानकांवर सामानासह उतरून तपासणी करून घ्यावी लागते. लाओसमधील तिचा बराच भाग बोगद्यांतून जातो, त्यामुळे खिडकीशी बसून डोंगर पाहण्याची हौस फार धरू नये. लुआंग प्राबांग येथे चार दिवस उतरलात तर ती पुरी होईल.

कुनमिंगपासून छंगडू, शीआन, लानचौ, दुनहुआंग, तुर्पान आणि उरुम्छी अशी उत्तर-पश्चिमेकडे जाणारी वाट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण शीआनपासून पुढे आपण युआन श्वांगच्या (ह्युएनत्संगच्या) मार्गाला लागता. हा चिनी बौद्ध भिक्षू इ. स. ६२९ च्या सुमारास शीआनहून, म्हणजे त्या वेळच्या छांगआनहून निघाला आणि तुर्पान, ताश्कंद, समरकंद या वाटेनेच भारतात आला. पुढे तो बदामीच्या चालुक्य राजाच्या, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात पोहोचला आणि महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. बदामी आपल्याकडून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. निघण्यापूर्वी तेथील लेणी पुन्हा एकदा पाहून घ्यावीत. युआन श्वांगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली उभारलेला मनोरा शीआनमध्ये आजही आहे. दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतील भित्तिचित्रे पाहताना ज्याने अजिंठा नीट पाहिला आहे, त्याला सोबतच्या इतर पर्यटकांपेक्षा कितीतरी अधिक दिसेल.

लानचौ ते उरुम्छी ही १,७७६ किलोमीटरची वेगवान रेल्वे २०१४ मध्ये पूर्ण झाली. उरुम्छीहून खोर्गोसच्या सीमेवरून कझाकस्तानात अल्माटीला, तेथून रेल्वेने शिमकेंतपर्यंत, आणि पुढे रस्त्याने ताश्कंदला पोहोचता येते. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा ही शहरे अफ्रोसियोब या वेगवान गाडीने जोडलेली आहेत. तिची तिकिटे लवकर संपतात. लालबहादूर शास्त्रींचे निधन ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्येच झाले. तेथे त्यांचे स्मारक आहे. परतीसाठी ताश्कंदहून दिल्लीला थेट विमान मिळते.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा प्रवासाचा आराखडा अंतरावरून आखायचा नसतो, तो सीमांवरून आणि व्हिसाच्या मुदतींवरून आखायचा असतो. बेळगावहून शिनोळीला जाताना राज्य बदलल्याचे आपल्याला पाट्यांवरून कळते. देशांच्या सीमांवर मात्र एका दिवसाच्या उशिरानेही दंड, चौकशी आणि पुढच्या देशाचा नकार अशी मालिका सुरू होऊ शकते. भारतीय पर्यटकांना चीनचा व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागला आहे. तो मिळाल्यापासून सामान्यतः तीन महिन्यांच्या आत प्रवेश करावा लागतो आणि राहण्याचे दिवस बहुधा तीसच असतात, त्यामुळे तो निघण्याच्या थोडेच दिवस आधी काढावा आणि त्याच्याभोवती बाकीचे दिवस बसवावेत. कझाकस्तानने जुलै २०२२ पासून भारतीयांना चौदा दिवस व्हिसाविना राहण्याची मुभा दिली आहे. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरी बसून काढता येतो, मात्र तेथे मुक्कामाची नोंदणी होणे आवश्यक असल्याने प्रत्येक हॉटेलकडून मिळणारी चिठ्ठी प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावी. हे नियम बदलतात, आणि कधीकधी रातोरात बदलतात : इराणने २०२४ मध्ये भारतीयांना दिलेली व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली, आणि थायलंड व कंबोडिया यांच्यामधली सीमा २०२५ मधील लढाईमुळे बंद पडली. म्हणून प्रत्येक सीमेपूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे सांगणे पुन्हा वाचावे. ओळखीच्या माणसाच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

फेब्रुवारीच्या अखेरीस निघालात, तर एप्रिलमध्ये युन्नान (कुनमिंगचा प्रांत) आणि शीआन, मेच्या मध्यापर्यंत शिनच्यांग (तुर्पान-उरुम्छीचा प्रांत) आणि जूनच्या आरंभी समरकंद असा क्रम ऋतूच्या दृष्टीने बरा बसतो. तुर्पान समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या खोलगट भागात आहे आणि जुलैत तेथील पारा चाळिशीच्या पुढे जातो. मार्चमध्ये उत्तर लाओसात रान आणि शेते जाळल्याचा धूर असतो. दम्याचा त्रास असल्यास तेथील मुक्काम कमी करावा. चीनमध्ये मे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत सुट्ट्यांची अफाट गर्दी उसळते, त्या दिवसांत गावच बदलू नये.

प्रश्न : माझ्या दाखल्यावर नाव एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे आहे. पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे. पासपोर्टसाठी काय करावे?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : आपल्या सीमाभागात ही अडचण घरोघरी आहे, कारण एकच नाव मराठी शाळेत, कन्नड कार्यालयात आणि इंग्रजी अर्जात वेगवेगळ्या हातांनी उतरवले जाते. एके ठिकाणी नावापुढे वडिलांचे आद्याक्षर येते, दुसरीकडे आडनाव गळते. पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वी आधार दुरुस्त करून घ्यावे आणि मग सर्वत्र तेच रूप, तीच अक्षरे कायम ठेवावीत. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नये, कारण ई-व्हिसाच्या अर्जांत तो भरावाच लागतो. लग्नानंतर पत्नीने नाव बदललेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. माहेरच्या नावानेही पासपोर्ट मिळतो, आणि अशा वेळी मराठीतील विवाह नोंदणी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर जवळ असावे. लांबच्या प्रवासासाठी छत्तीसऐवजी साठ पानांचा पासपोर्ट मागावा.

प्रश्न : यजमानांनी अशाच प्रवासाचे मनावर घेतले आहे. प्रत्येक गोष्ट तेच ठरवतात, नकाशा त्यांच्याजवळ, पैसे त्यांच्याजवळ. आम्ही शाकाहारी आहोत. मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. इतके महिने दोघांनीच राहायचे, याचीच मला धास्ती वाटते.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आपली धास्ती रास्त आहे, आणि आपल्या पत्राचा पूर्वार्ध मला गोळ्यांपेक्षा अधिक गंभीर वाटतो. ज्या जोडप्यात एकाच्याच हाती सगळी सूत्रे असतात, ते घरी निभावून नेते, कारण घरी दुसऱ्याला शेजार, माहेर, भजनी मंडळ असते. परक्या देशात ते सगळे नाहीसे होते. म्हणून निघण्याची अट म्हणूनच हे मान्य करून घ्यावे की आपला पासपोर्ट, आपले बँकेचे कार्ड, आपला फोन आणि निम्मी रोकड आपल्याजवळ राहील. परदेशी चलनाची रोकड एका प्रवासात साधारणपणे प्रत्येकी तीन हजार डॉलरपर्यंत नेता येते. ती दोन ठिकाणी विभागलेली असणे चोरीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. देश आळीपाळीने वाटून घ्यावेत : लाओसची गाडी, हॉटेल, हिशेब यजमानांकडे, तर उझबेकिस्तानचे सर्व आपल्याकडे, आणि ज्याच्याकडे देश आहे त्याच्या निर्णयावर त्या दिवशी टीका नाही. आठवड्यातून एक दिवस दोघांनी वेगवेगळे फिरावे. हे ऐकून आपल्याकडचे लोक हसतील, हसू द्यावे.

जेवणाविषयी स्पष्ट सांगायचे तर थायलंड आणि लाओस येथे माशाचे पाणी, आणि मध्य आशियात मेंढीची चरबी कोणत्या पदार्थात येईल याचा नेम नाही. चीनमध्ये बौद्ध मठांजवळ शुद्ध शाकाहारी खाणावळी आढळतात. आपण काय खात नाही हे चिनी लिपीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा. उझबेकिस्तानात तंदूरची रोटी, टोमॅटो, दही आणि उन्हाळी फळे यांवर चांगले भागते. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्यावी, परंतु खसखस घातलेला मसाला नेऊ नये, कारण काही देशांत ती अमली पदार्थांत गणली जाते. चीनची सीमाशुल्क तपासणी दुधाच्या पदार्थांबाबत कडक असते, तेव्हा कुंदा लाओसमध्येच संपवावा.

गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्याव्यात. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे मध्य आशियात अडचणीत आणू शकतात. यजमानांना ताजिकिस्तानातील पामीर पर्वताचा रस्ता खुणावत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याखेरीज होकार देऊ नये. तेथील अक-बैताल खिंड ४,६५५ मीटर उंचीवर आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप तेथील इंटरनेटवर चालत नाही. बाहेरच्या देशाचे रोमिंग सिम घेतल्यास चालते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर तिसऱ्याच दिवशी घरी रडारड सुरू होते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको स्वतःच्या मोटारसायकलवर जाऊ इच्छितो. शक्य आहे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नेपाळपर्यंत अगदी सहज, सीमेवर दिवसांच्या हिशेबाने भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरला की काम होते. त्यापुढे म्यानमार बंद आहे आणि चीन परदेशी वाहनाला सरकारी परवानगी, तात्पुरता परवाना व बरोबर वाटाड्या यांशिवाय आत घेत नाही, ज्याचा खर्च मोटारसायकलच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो. इतर अनेक देशांसाठी वाहनाचे कार्ने हे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते. ते मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते, आणि त्यासाठी मोठी अनामत रक्कम अडकून पडते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडूनच मिळतो व एक वर्ष चालतो, मात्र तो १९४९ च्या जिनिव्हा येथील रस्ते-वाहतूक करारावर आधारलेला असल्याने व्हिएतनाम व चीनमध्ये ग्राह्य धरला जात नाही. आपल्या जागी मी असतो तर मोटारसायकलने पोखरापर्यंत जाऊन आलो असतो, आणि मध्य आशियासाठी किर्गिझस्तानातील ओश येथे चालकासह जीप भाड्याने घेतली असती.