सक्युलंटना खत कोणतं, किती आणि कधी द्यायचं? कलांचोला परत फुलं का येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात फ्लॅट आहे, पूर्वेची खिडकी, ग्रिलमध्ये जेड, इचेवेरिया, हावर्थिया, कोरफड आणि एक कलांचो, नर्सरीतून आणून वर्ष होत आलं तरी वाढ म्हणावी तशी नाही, आणि कलांचो आणलं तेव्हा फुलांनी भरलेलं होतं ते परत फुललंच नाही, तर कुठलं खत घालू. खताचं सगळं सांगते, पण फुलांची तक्रार खताने सुटणारी नाहीये आणि वाढीची पण अर्धीच सुटेल, हे आधीच सांगते म्हणजे 'ब्लूम बूस्टर' नावाच्या बाटलीवर पैसे घालवायच्या आधी थांबाल.

पहिलं काम, कुंडी बघा. माती वरून कोरडी दिसेल त्या दिवशी एखादी कुंडी आडवी धरून बुडाला हलकेच टकटक करा, गोळा बाहेर येईल. नर्सरीतली बहुतेक रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये असतात, ते वरून खडखडीत वाळतं पण गोळ्याच्या मधे बोट घातलं की गार आणि ओलं लागतं, आणि कधी कधी मुळांना जाळीची छोटी पिशवी तशीच चिकटलेली असते. मुळं पांढरी किंवा फिकट आणि ताठ असतील तर ठीक, काळपट मऊ असतील आणि ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखं काहीतरी राहत असेल तर ती कुजलेली आहेत, मग वरून कितीही भारी खत घाला, घ्यायला खाली कोणी नाहीये.

तर आधी माती बदला. अर्धी कुंडी खडबडीत माल, म्हणजे जाड वाळू, विटांचे तुकडे, सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडे), परलाइट (पांढरे हलके दाणे), जे सहज मिळेल ते (विटांचा चुरा चाळून घ्या आणि खालची धूळ फेकून द्या, निचरा तीच बंद करते), उरलेल्या अर्ध्यात माती किंवा धुतलेलं कोकोपीट आणि त्यात एक-दोन मुठी चाळलेलं जुनं गांडूळखत. जास्त नको, गांडूळखत पाणी धरून ठेवतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत सक्युलंटला तेच नको असतं. असं केलंत की पुढचे चार-सहा महिने वेगळं खत द्यायची गरजच पडत नाही. मात्र कोणी युट्यूब बघून नुसत्या प्युमिस (हलका, भोकं असलेला दगड) आणि परलाइटमध्ये लावलं असेल तर त्यात खायला काहीच नसतं, तिथे रोप जरा रुळलं की महिनाभराने पातळ खत सुरू करावंच लागतं.

आता खत. महागडं 'सक्युलंट स्पेशल' शोधत बसू नका, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन १९:१९:१९ मागा, पाण्यात पूर्ण विरघळणारं, द्राक्षवाले, भाजीवाले सगळे ड्रिपमधून हेच सोडतात. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं असतं. किलोची पिशवी मिळाली तर ती तुम्हाला आयुष्यभर पुरेल, सोसायटीत वाटून घ्या, आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, हवा लागली की त्याचा दगड होतो.

प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम. बाकी झाडांना लोक लिटरला एक-दोन ग्रॅम देतात, सक्युलंटना त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी, कारण यांची वाढच हळू. पानांची छिद्रं ही झाडं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात, पाणी वाचवायचं म्हणून, मग त्या बेताने जेवण पण कमीच लागतं. आता अर्धा ग्रॅम घरी कसा मोजणार, तर एक चहाचा चमचा सपाट भरून साधारण ५ ग्रॅम होतं, ते १ लिटरच्या बाटलीत विरघळवा, आणि द्यायच्या वेळी त्यातलं १०० मिली घेऊन वर ९०० मिली साधं पाणी घाला. झालं तुमचं लिटरला अर्धा ग्रॅम. बाटली उन्हात ठेवू नका, शेवाळ धरतं, आणि फार दिवस साठवत बसण्यापेक्षा उरलेलं जास्वंदीला घालून मोकळं व्हा.

द्यायच्या आदल्या दिवशी कुंडीला थोडं साधं पाणी द्या, कारण ठणठणीत कोरड्या मातीत खताचं पाणी गेलं की मुळं भाजतात. आणि ओतायचं ते मातीत, इचेवेरियाच्या गुच्छात नाही. त्याच्या पानांवर ती पांढरी भुकटी असते ना, ती पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही आणि मधे पाणी साचलं की कुजतं ते वेगळंच.

कधी द्यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. इंग्लंड-अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक उन्हाळ्यात खत देतात, त्यांच्याकडे बरोबर आहे, कारण तिकडचा उन्हाळा बऱ्याच ठिकाणी आपल्या थंडीसारखा सौम्य असतो. ठाणे-मुंबईला जून ते सप्टेंबर खत पूर्ण बंद, पावसात या झाडांना जगवणं हेच काम असतं. दसऱ्याच्या आसपास पाऊस थांबून ऊन स्थिर झालं की सुरू करा, महिन्यातून एकदा, फेब्रुवारी संपेपर्यंत. मार्चपासून रात्री पण उकडायला लागतं, तेव्हा इचेवेरिया आणि हावर्थिया सुस्तावतात, त्यांना थांबवा. अडेनियम कोणाकडे असेल तर त्याचं नेमकं उलटं, ते थंडीत पानं टाकून झोपतं आणि उन्हाळ्यात फुलतं, त्याला मार्चपासून द्यायचं आणि ऊन पण दणकून लागतं. माती बदलल्यावर किंवा नवीन रोप आणल्यावर तीन-चार आठवडे कशालाच काही देऊ नका.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. (बोअरच्या पाण्याने पण पांढरं येतं, त्यामुळे फक्त थर बघून घाबरू नका, टोकं बघा.) असं दिसलं तर कुंडी मोरीत नेऊन साधं पाणी भरपूर ओता, खालून वाहून जाऊ द्या, दोन-तीनदा, आणि मग नीट वाळेपर्यंत हात लावू नका. नत्र जास्त झालं की पानं मऊ, लुसलुशीत होतात आणि पिठ्या ढेकणाला नेमकं तेच आवडतं, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की समजा. युरिया आणि डीएपीचे दाणे तर छोट्या कुंडीत टाकूच नका, युरियात ४६ टक्के नत्र असतं, ते शेतासाठी आहे. आणि इचेवेरिया उंच होऊन पानांमधलं अंतर वाढायला लागलं तर खूश होऊ नका, उजेड कमी पडतोय म्हणून ते खिडकीकडे मान लांब करतंय, खताने ती अजून लांब होईल. पूर्वेच्या सकाळच्या उन्हात हावर्थिया मजेत राहील, पण इचेवेरिया आणि जेड ग्रिलच्या अगदी बाहेरच्या काठाला ठेवा.

केळ्याची सालं, चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, अंड्याची टरफलं, हे सगळं लोक हौसेने सांगतात. कंपोस्टच्या डब्यात घाला, उत्तम आहे, सक्युलंटच्या कुंडीत नको. ओलावा राहतो, बुरशी येते, चिलटं होतात, आणि टरफलं तर वर्षानुवर्षं तशीच पडून असतात.

आता कलांचो. हे झाड रात्र मोजतं. रात्री लांब आणि अंधाऱ्या मिळाल्या की कळ्या धरतं, साधारण १४ तास अंधार, रोज, सलग सहा आठवडे धरून चाला. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो, म्हणजे रात्र बऱ्यापैकी लांब मिळते, पण तुमच्या हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत ट्यूब चालू असेल तर त्या झाडाच्या हिशोबाने अजून दिवसच आहे. माझ्या जावेकडे डोंबिवलीला एकाच रोपाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या कुंड्यांत लावल्यात, एक हॉलच्या खिडकीत, एक कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत. बाल्कनीतला बल्ब कधीचा उडालाय आणि दिरांना तो बदलायला मुहूर्त मिळत नाहीये. फुलतं ते बाल्कनीतलंच, हॉलमधलं नुसतं हिरवंगार. खत दोघांना एकाच मगातून.

म्हणून दसरा झाला की रोज संध्याकाळी सहाला कलांचोवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, सकाळी आठला काढा आणि दिवसा भरपूर उजेडात ठेवा. नर्सरीवाले सीझन नसताना फुलं काढतात ते पण असंच, काळं कापड घालून. मधे कंटाळा करून सोडू नका, रात्रीतून थोडा वेळ लाइट पडला तरी गणित बिघडतं. कळ्या दिसल्या की खोका बंद. तेव्हा हौस असेल तर ०:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश असलेलं खत) त्याच अर्ध्या ग्रॅमच्या मापाने एकदा द्या, नाही दिलं तरी फुलं येतातच. फुलं सुकली की दांडे खालून छाटा, मग फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी गुच्छ जास्त येतात.

राहिलं जेड. आपल्या नर्सऱ्यांत जेड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया असतं, लालसर तपकिरी काड्या आणि नखाएवढी पानं. तसं असेल तर तुमच्या सगळ्या झाडांत खादाड तेच, त्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी दिलंत तरी चालेल, ऊन मात्र रोज चार तास तरी लागेल. खऱ्या जेडची पानं मोठी, जाड आणि खोड हिरवट-करडं असतं, त्याला महिन्यातून एकदाच.