‘बरा आहे’ म्हटलं की केसपेपरवर तेच येतं

“डॉक्टर तोंडानं म्हणतात, याच्याच्यानं नोकरी व्हायची नाही. लिहून द्या म्हटलं की म्हणतात, बोर्डाकडे जा. आणि बोर्डानं ४० टक्के दिलेच नाहीत तर?”

सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंची ही काळजी. मुलगा ३१ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाला नऊ वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख दीड महिन्यावर आली होती. गावातल्या एका एजंटानं सल्ला दिला होता, “आठ दिवस आधी गोळ्या बंद करा, म्हणजे तिथं बरोबर दिसेल.” हे मात्र कधीही करू नका. गोळ्या तोडल्या की आजार उलटतो, ॲडमिट करायची वेळ येते, आणि टक्के काही एका दिवसाच्या अवतारावर ठरत नाहीत.

काकूंच्या पिशवीतून शेवटच्या तीन वर्षांचे केसपेपर निघाले. जवळजवळ प्रत्येक तारखेखाली एकच ओळ: ‘स्टेबल. सी.एस.टी.’ म्हणजे तब्येत स्थिर, आहे तेच औषध चालू ठेवा. अडचण इथेच होती. मानसोपचारतज्ज्ञ ‘स्टेबल’ लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की आवाज ऐकू येणं वाढलेलं नाही, झोप लागते, मारहाण नाही. पेशंट कामाला जाऊ शकतो असा त्याचा अर्थ नाही. पण त्याला पहिल्यांदाच पाहणाऱ्या बोर्डासमोर कागद म्हणून एवढंच असतं.

डॉक्टर तरी दुसरं काय लिहिणार? ओपीडीत एका पेशंटला चार-पाच मिनिटं मिळतात. “कसा आहे?” विचारलं की काकू म्हणायच्या, “बरा आहे, गोळ्या घेतो.” परतीची एसटी गाठायची असायची, आणि मुलाच्या समोर ‘हा आंघोळसुद्धा करत नाही’ असं सांगायला जीभ रेटत नसे. सांगितलं नाही ते लिहिलं गेलं नाही.

मानसिक आजाराचे टक्के आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर ठरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. त्यात आजाराच्या मुदतीचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत असेल तर १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहांना ३, दहाच्या पुढे ४. एकूण २०. सहापर्यंत बेरीज आली तर ४० टक्क्यांच्या आत, ७ ते १३ ला ४० ते ७० टक्के.

काकूंचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. नुसते ‘स्टेबल’चे केसपेपर नेले, तर निगेला ०, वागण्याला १, बोलण्याला ०, कामाला १ असं पडू शकतं. कागद तीनच वर्षांचे, म्हणून मुदतीचे २. बेरीज ४. घरातली खरी परिस्थिती नोंदीत आली तर २, २, १, ३, आणि नऊ वर्षांचा पुरावा असेल तर आणखी ३. बेरीज ११. पोरगा तोच, आजार तोच. (हा हिशेब आपल्या समजुतीपुरता. गुण डॉक्टरच देतात, बोर्डासमोर हा कागद काढायचा नाही.)

म्हणून पहिलं काम वहीचं. चौदा दिवस, रोज तीन-चार ओळी. ‘त्रास होतो’, ‘काहीच करत नाही’ असलं मोघम लिहायचं नाही. काकूंच्या वहीतली एक नोंद अशी: “मंगळवार. आंघोळीला चार वेळा सांगितलं, साबण हातात दिला तेव्हा गेला. कपडे कालचेच घातले. दुकानातून साखर आणायला पाठवला, पैसे देऊन तसाच परत आला. पाहुणे आले तर मागच्या दारानं गेला, अंधार पडल्यावर आला.” एका दिवसात निगा, काम, माणसं, तिन्ही आलं. चांगला दिवस असेल तर तोही लिहायचा. चौदाच्या चौदा दिवस भयंकर लिहिलेली वही कोणालाच खरी वाटत नाही, आणि ती खरी नसतेही.

मग डॉक्टर. ‘सर्टिफिकेट द्या’ म्हटलं की डॉक्टर सावध होतात, आणि ते योग्यच आहे. टक्केवारी देण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नाही, तो बोर्डाचा. मागायची असते केस समरी, म्हणजे आजाराचा आणि उपचारांचा लेखी गोषवारा. तीही गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या नाही. वहीतलं सार एका पानावर उतरवून द्यायचं आणि विचारायचं, “डॉक्टर, हे वाचून तुम्हाला पटेल तेवढंच समरीत घ्याल का? न्यायला कधी येऊ?” काकूंना चौथ्या दिवशी बोलावलं. समरीत निदान आणि त्याचा कोड (स्किझोफ्रेनियाला एफ २०), पहिल्या आणि शेवटच्या तपासणीची तारीख, किती वेळा ॲडमिट, सध्याची औषधं डोससकट, औषधांनी येणारी सुस्ती, आणि वरच्या चारही बाबतींत पेशंटला काय जमत नाही, हे सगळं हवं. खाली तारीख, सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. शिक्का राहिला म्हणून परत खेप घालणारे पुष्कळ आहेत, तिथेच पाहून घ्या.

नऊ वर्षांचा पुरावा हे जास्त किचकट निघालं. पहिलं वर्ष देवऋषाकडे गेलेलं, त्याचा कागद कुठून येणार? पण त्यानंतर एका खासगी दवाखान्यात बारा दिवस ॲडमिट होता, त्याचं डिस्चार्ज कार्ड पुरात भिजून गेलं होतं. तिथं लेखी अर्ज केला. पेशंटनं मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ नंही पेशंटला हा हक्क दिला आहे. हक्क पेशंटचा, म्हणून अर्जावर सही आईची नाही, मुलाची घेतली. त्याच नियमांत नोंदी जपण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे, म्हणून जुन्या दवाखान्यात ‘आता नाही’ हे उत्तर येऊ शकतं. इथे ॲडमिशन रजिस्टरमधली नोंद सापडली आणि तारखेसह लेखी मिळाली. तीही नसती तर औषधांची जुनी चिठ्ठी, मेडिकलची बिलं, कंपनीनं कामावरून कमी केल्याचं पत्र, यांवर भागवावं लागलं असतं. मेडिकलची बिलं वर्षभरात पांढरी पडतात, मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढावी.

बोर्डाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) होतो. आधारवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. काकूंच्या कागदांवर एकीकडे वडिलांचं नाव होतं, एकीकडे नव्हतं. ते आधीच दुरुस्त केलं. बोर्डाच्या दिवशी बरोबर मामा, काका, सरपंच नकोत. जो रोज घरात असतो तोच माणूस हवा, कारण प्रश्न त्यालाच विचारतात. मुलगा त्या दिवशी नीट बोलला, हसला, तरी घाबरू नका. काकूंनाही विचारलं गेलं, “हा तर चांगला बोलतोय?” त्या म्हणाल्या, “दहा मिनिटं बोलतो साहेब. घरी गेल्यावर दोन दिवस खोलीतनं निघत नाही.” आणि वही पुढे केली.

५० टक्के मिळाले. प्रमाणपत्र ठराविक मुदतीपुरतं, यूडीआयडी कार्ड पिवळं (४० ते ७९ ला पिवळं, ८० पासून पुढे निळं). कमी मिळाले असते तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, आणि तिथंही हीच फाइल लागते.

पुढचं तहसीलचं काम त्यामानानं सरळ. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षं रहिवास, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांपर्यंत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिना अडीच हजार. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजुरी होऊनही पैसे येत नाहीत.

प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख काकूंनी कॅलेंडरवर न लिहिता फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिली आहे, कॅलेंडर दरवर्षी बदलतं म्हणून. त्याच्या चार महिने आधी नवी समरी मागायची आहे. वही अजून चालू आहे. रोज नाही, महिन्यातून दोनदा, ओपीडीच्या आदल्या रात्री.